कार्ड सासरीच राहिले

गेल्या महिन्यात, कापसाचा वेचा ऐन भरात असताना, शेजारच्या घरची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आठवा महिना संपत आला होता. ओटीभरणाची हिरवी साडी, लाडवांचा डबा, सासूने जुन्या सुती लुगड्यांची शिवून दिलेली दुपटी असे सगळे तिने आठवणीने आणले होते. मी सवयीने तिचे गरोदरपणाच्या तपासण्यांचे कार्ड मागितले. म्हटले, "कार्ड दाखव पाहू." ती म्हणाली, "कार्ड त तिकडेच राह्यलं, काकू. काहून, लागते काय?"

यवतमाळ जिल्ह्यातील निरनिराळ्या उपकेंद्रांवर मी तेहेतीस वर्षे नर्सबाई म्हणून काम केले, आणि हे वाक्य त्या काळात किती वेळा ऐकले याचा हिशेब माझ्याकडे नाही. आईकडून बाळाकडे जाणाऱ्या आजारांविषयी लिहावे असे निवृत्तीपासून मनात होते. त्या संध्याकाळी वही काढली ती या वाक्यामुळे. यांतील बहुतेक आजारांवर उपाय आहे, तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, मात्र प्रत्येक उपायाची वेळ ठरलेली आहे. कुठे ती गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याची असते, कुठे कळा सुरू झाल्यापासूनच्या काही तासांची, कुठे जन्मानंतरच्या चोवीस तासांची. आणि आपल्याकडे नेमक्या याच वेळी बाई एका गावाहून दुसऱ्या गावी गेलेली असते. आजार तिच्यासोबत न चुकता माहेरी येतो. त्याची नोंद तेवढी सासरच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली राहते.

आईचे रक्त बाळाच्या अंगात खेळते, असा समज खेड्यात सर्वत्र आहे. तसे होत नाही. दोघांच्या मध्ये वार, म्हणजे गर्भाशयाला चिकटलेला आणि नाळेने बाळाशी जोडलेला गोळा, असते. आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू वारेतून गाळून बाळाकडे जातात, आणि म्हणून प्रशिक्षणात आम्हाला वारेला चाळणी म्हणायला शिकवले होते. पुष्कळ जंतू या चाळणीत अडतात. काही आरपार जातात: रुबेलाचा विषाणू, उपदंशाचा, म्हणजे सिफिलीसचा, जंतू, मांजराच्या विष्ठेतून किंवा अर्धकच्च्या मांसातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा, आणि बाळाच्या जन्मजात बहिरेपणाला पुष्कळदा कारण ठरणारा, पण आपल्याकडे जवळजवळ कोणाला नावाने माहीत नसलेला सायटोमेगॅलो विषाणू. एचआयव्ही आणि हिपॅटायटीस बी गर्भात असताना क्वचितच ओलांडतात. त्यांची मोठी संधी प्रसूतीच्या वेळची. याच चाळणीतून आईची प्रतिकारद्रव्येही बाळाकडे जातात, ही गोष्ट मला नेहमीच फार सुंदर वाटत आली आहे. गरोदर बाईच्या दंडावर धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे आणि वाचायचे ते तिच्या पोटातले बाळ, हे यामुळेच शक्य होते. पुढे एचआयव्हीच्या बाबतीत हीच प्रतिकारद्रव्ये आम्हाला दीड वर्ष कशी गोंधळात ठेवत, ते सांगेनच.

रुबेलाविषयी थोडक्यात. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळे एकामागून एक येऊ लागली, आणि त्यांच्या आयांकडे चौकशी करताना असे दिसले की बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला अंगावर पुरळ उठून गेले होते. पहिल्या बारा आठवड्यांत हा आजार झाला तर शंभरातील नव्वदपर्यंत बाळांना इजा होऊ शकते: डोळे, कान, हृदय. आईला मात्र दोनतीन दिवसांचे पुरळ आणि किरकोळ ताप यांपलीकडे काही जाणवत नाही. आपल्याकडे पुरळ उठले की माय आली म्हणायचे, दाराला कडुलिंबाचा पाला लावायचा आणि दवाखान्यात जायचे नाही, अशी रीत असल्यामुळे नंतर बाळाला ऐकू येत नाही हे कळते तेव्हा त्या पुरळाची आठवणही कोणाला नसते. गरोदर बाईला ही लस देता येत नाही, म्हणून ती आधीच, लहानपणी टोचलेली असावी लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेला मोहीम झाली, तेव्हा मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांनी पालकांचा जीव घाबरा केला होता, आणि आमची निम्मी शक्ती टोचण्यात नव्हे, तर शाळेच्या फाटकाशी समजूत घालण्यात गेली. तेव्हा आठवीनववीत असलेल्या त्या मुली आता लग्न होऊन सासरी गेल्या आहेत; फाटकाशी भांडलेले बाप आता आजोबा होतील.

उपदंशावर, शरीरसंबंधातून पसरणाऱ्या या आजारावर, मात्र मी रेंगाळणार आहे, कारण हा आजार जुना झाला, संपला, असे सुशिक्षित लोकही मानतात. गावात त्याला गरमी म्हणतात, आणि या शब्दाने आम्हाला फार छळले. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत राबणाऱ्या बाईला 'तुला गरमी आहे' म्हटले तर ती सब्जाचे पाणी प्यायला लागते. आणि अर्थ कळलाच तर ती पुन्हा दवाखान्याच्या पायरीवर दिसत नाही. म्हणून मी कधीच हा शब्द वापरला नाही. 'रक्तात दोष आहे, तो इंजेक्शनाने जातो, नवऱ्यालाही घ्यावे लागते,' एवढेच सांगत असे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तांड्याजवळच्या गावात एक बाई होती. तिचे एक बाळंतपण सातव्या महिन्यात होऊन मूल गेले होते, दुसरे मृतच जन्मले, तिसरे चार दिवस जगले. तिची सासू मला म्हणाली, "पोट राह्यते, पण लेकरू हाती लागत नाई, बाई. बाहेरचं हाय काईतरी." त्या बाहेरच्यासाठी दोन बोकड आणि बरेच पैसे खर्च झाले होते. चौथ्या वेळी पोट राहिल्यावर ती चौथ्या महिन्यात माझ्याकडे आली. तीही लपतछपत, कारण पूर्वीच्या अनुभवाने घरात बातमी फोडायचीच नाही असे ठरले होते. रक्ताचा नमुना तालुक्याला पाठवला. उपदंशाची व्हीडीआरएल तपासणी होऊन आठ दिवसांनी दोष असल्याची चिठ्ठी आली. नवऱ्याचीही चिठ्ठी तशीच निघाली. तो हंगाम संपला की दूरच्या कामावर जात असे, यापलीकडे मी विचारले नाही.

यावरचे औषध म्हणजे बेंझाथिन पेनिसिलीन, चोवीस लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धे अर्धे. ज्या कोणी ते दिले आहे तिला माहीत आहे की पांढरी भुकटी पाण्यात कालवल्यावर ते खळीसारखे दाट होते, बारीक सुईत अडकते, आणि दांडा दाबताना हात थरथरला तर सुई बदलून पुन्हा टोचावे लागते. रिॲक्शनच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी डॉक्टरही ते द्यायला कचरतात. त्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी आधी सूक्ष्म मात्रा देऊन पाहिली, अर्धा तास बाईला बाकावर बसवले आणि मग स्वतःच्या हाताने इंजेक्शन दिले. ती ओठ घट्ट मिटून पालथी पडली होती, एवढेच म्हणाली, "आग होते." पुढच्या हरभऱ्याच्या सोंगणीला तिला मुलगी झाली, आणि जगली.

आता ही तपासणी उपकेंद्रातच होते. बोट टोचून एक थेंब रक्त एका पट्टीवर टाकले की वीस मिनिटांच्या आत एचआयव्ही आणि सिफिलीस दोन्ही कळतात. आठ दिवसांची चिठ्ठी गेली. पण पट्टीने वेळ वाचवली तरी बाई वेळेवर आली पाहिजे. प्रसूतीच्या आधी किमान एक महिना हे इंजेक्शन झाले असले तरच बाळाचा उपचार झाला असे धरतात. तिसरा महिना पुरा होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही ही आपली रीत, त्यानंतर शेतीची कामे, त्यानंतर 'आता माहेरीच दाखव' हे सासरचे वाक्य. अशाने तो महिना हातातून जातो.

इथे एक वेगळी गोष्ट मध्येच सांगते, कारण विदर्भात हा घोळ दर दोन घरांत आहे. सिकलसेल हा आईकडून बाळाला 'लागणारा' आजार नाही. तो संसर्ग नव्हे. तो आई आणि बाप दोघांकडून रक्ताच्या घडणीतूनच येतो, आणि त्यात कोणाचे वागणे, शिवाशिव, उष्टे-खरकटे यांचा काही संबंध नाही. पोटात असतानाच आला म्हणून लोक त्याला एचआयव्हीच्या पंक्तीला बसवतात, आणि सिकलसेलचे पिवळे कार्ड पाहून सोयरीक मोडणारे लोक एचआयव्हीचे नाव काढून कुजबुजतात. कार्डांचा रंग ओळखता येतो, अर्थ येत नाही.

आता हिपॅटायटीस बी, म्हणजे विषाणूने होणारी यकृताची कावीळ. यातली एक घटना मला अजून झोपू देत नाही.

या विषाणूची रीत अशी की मोठ्या माणसाला तो झाला तर शंभरात पंचाण्णवांहून अधिक लोक त्यातून बरे होतात. जन्माच्या वेळी आईच्या रक्तातून बाळाला झाला, तर शंभरातील सुमारे नव्वद बाळांच्या अंगात तो कायमचा मुक्काम करतो, आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग होऊन वर येतो. बाळ दिसायला सुदृढ असते, दूध ओढते, बाळसे धरते. म्हणूनच कोणाचा विश्वास बसत नाही. उपाय म्हणजे अर्धा मिलिलिटर लस, डाव्या मांडीत, जन्मापासून चोवीस तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. आईला हा आजार आहे हे आधी माहीत असेल तर लसीच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिकारद्रव्यांचे, इंजेक्शनही देतात; ते मागवून ठेवावे लागते. आईच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण फार असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत तिला गोळ्याही सुरू करतात.

माझ्या हद्दीतील एका सुनेची तपासणी पाचव्या महिन्यात झाली आणि तिला हिपॅटायटीस बी असल्याचे निघाले. मी तिच्या कार्डावर लाल शाईने लिहिले, रजिस्टरमध्ये लिहिले, तालुक्याला कळवले. आठव्या महिन्यात ती शेजारच्या जिल्ह्यात माहेरी गेली. कार्ड तिने नेले नाही. नंतर कळले की नेले नाही असे नव्हे, सासूने 'तिकडे लोकाईले दाखवत बसू नोको' म्हणून ते ठेवून घेतले. शनिवारी रात्री ती तिथल्या एका रुग्णालयात बाळंत झाली. विचारणारे कोणी नव्हते आणि सांगणारेही कोणी नव्हते. रविवारी लसींच्या फ्रिजची किल्ली ज्याच्याकडे होती तो गावी गेला होता, सोमवारी सुट्टी होती, मंगळवारी लसीकरणाचा दिवस नव्हता. बाळाला लस मिळाली बुधवारी. ती सासरी परतल्यावर मी कार्ड पाहिले तेव्हा तारखेच्या रकान्यात ती तारीख कोणीतरी व्यवस्थित, सुवाच्य अक्षरात भरली होती. वर्षभराने बाळाचे रक्त तपासले, तेव्हा विषाणू त्याच्या अंगात होता.

मला त्या रुग्णालयातील सिस्टरचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मीही ते केलेले आहे. लसीची एक कुपी दहा बाळांची असते. एका बाळासाठी ती फोडायची आणि उरलेल्या नऊ मात्रा वाया गेल्या म्हणून बैठकीत उभे राहून उत्तर द्यायचे, यापेक्षा आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी चारपाच बाळे बोलावून एकदम टोचणे सोपे वाटते. उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते, हा नियम बऱ्याच नंतर आला, आणि आल्यावरही हाताची जुनी सवय जायला वेळ लागला. बाळे रविवारी जन्मतात. दिवाळीत जन्मतात, पोळ्याच्या दिवशी जन्मतात, आणि विषाणूला लसीकरणाचा वार माहीत नसतो. शेवटच्या दहा वर्षांत मी एकही कुपी एका बाळासाठी फोडायला मागेपुढे पाहिले नाही, पण त्याआधीच्या वर्षांतील बाळांची यादी मी काढलेली नाही आणि काढण्याचे धैर्यही नाही.

हा आजार आईच्या दुधातून होत नाही. लस दिली असेल तर आईने पाजायला हरकत नाही. हे मी इथे ठळकपणे लिहिते, कारण 'काविळीवाली आहे, दूध नको पाजू' असे सांगून बाळाला गाईच्या दुधावर टाकणारे सल्लागार प्रत्येक गावात आहेत.

एचआयव्हीचा काळ मी पहिल्यापासून पाहिला. औषध काहीच नसताना शंभर बाधित आयांपैकी पंधरा ते पंचेचाळीस जणींच्या बाळांना लागण होते. हा आकडा ऐकला की लोकांना दचकायला होते. मला त्याची दुसरी बाजू आधी दिसते, की काहीच केले नाही तरी निम्म्याहून अधिक बाळे सुटतात. 'आईला आहे म्हणजे बाळाला असणारच' ही समजूत कधीच खरी नव्हती. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आमच्याकडे नेव्हिरापीन आले: आईला कळा सुरू झाल्या की एकच गोळी, आणि बाळाला बहात्तर तासांच्या आत थोडे सिरप. आठव्या महिन्यात माहेरी निघालेल्या बाईच्या हातात ती एक गोळी आम्ही कागदात बांधून देत असू. एकीने ती माझ्यासमोर पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. माहेरी तिच्या आईलाही काही ठाऊक नव्हते. मध्यरात्री कळा सुरू झाल्यावर तिने 'पाणी दे' म्हणून आईला आत पाठवले आणि तेवढ्यात गाठ सोडून गोळी तोंडात टाकली, हे तिनेच मला नंतर हसत सांगितले. तिचे कार्ड सासरी राहिले होते ते मुद्दाम.

त्या एका गोळीने धोका कमी होई, पण पुरेसा नाही, आणि आईच्या आजाराला तिचा काही उपयोग नसे. जानेवारी २०१४ पासून देशात धोरण बदलले: गरोदर बाई बाधित निघाली की त्या दिवसापासून तीन औषधांचा उपचार, आयुष्यभर, रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी किती येते याची वाट न पाहता. वेळेवर उपचार सुरू होऊन नीट चालू राहिला तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात पाचांच्या खाली येते. बाळाला जन्मल्यावर किमान सहा आठवडे सिरप. आईने सहा महिने फक्त अंगावरचे पाजायचे. फक्त, म्हणजे मध नाही, घुटी नाही, पाण्याचा चमचा नाही. वरचे दूध आणि अंगावरचे दूध मिसळून दिले की बाळाच्या आतड्याच्या कोवळ्या अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. त्यापेक्षा निव्वळ आईचे दूध सुरक्षित. हे सगळ्यांत अवघड काम आहे, कारण एचआयव्हीचे नाव न घेता सासूला आणि आत्याला घुटीपासून परतवायचे असते. मी डॉक्टरांच्या नावाने खोटे बोलत असे: 'साहेबांनी सांगितले आहे, या बाळाचे पोट नाजूक आहे.' साहेबांना हे माहीत होते.

सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात. टाच कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ऊबदार करायची, बाजूला टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा, आणि पुढचे थेंब जाड टिपकागदावर छापलेल्या पाच वर्तुळांत एकेक करून पडू द्यायचे. वर्तुळ एका थेंबात काठापर्यंत भरले पाहिजे. दुसरा थेंब वर टाकला तर नमुना फुकट. आई बाळाला छातीशी धरून पाजत असते, बाळ एक क्षण तोंड सोडून रडते आणि पुन्हा ओढू लागते. मग तो कागद काही तास सावलीत आडवा वाळवायचा. उन्हात नाही, पंख्याच्या झोतात नाही. पाच लाल ठिपके वाळून विटकरी होत जातात, आणि तोवर आई तिथून हलत नाही. कशाला थांबली आहेस, निकाल आज येणार नाही, असे सांगितले तरी हलत नाही.

ही खास तपासणी लागते याचे कारण ती प्रतिकारद्रव्ये. नेहमीची बोट टोचून केलेली चाचणी विषाणूला पाहत नाही, त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या प्रतिकारद्रव्यांना पाहते. आणि आईची प्रतिकारद्रव्ये वारेतून बाळाकडे आलेली असल्यामुळे निरोगी बाळाची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. ती हळूहळू विरत जातात, म्हणून अखेरचा निकाल अठराव्या महिन्यात, आणि पाजणे सुरूच असेल तर ते थांबल्यानंतर. कोणा खासगी प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या बाळाची साधी चाचणी करून 'बाळालाही आहे' असा कागद हातात घेऊन रडत आलेले बाप मी पाहिले आहेत. त्यांतील एकाचे बाळ अठराव्या महिन्यात निगेटिव्ह निघाले. मधले पंधरा महिने त्या घराने कसे काढले हे मला माहीत आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखे नाही. संमतीवाचून कोणाची ही माहिती दुसऱ्याला सांगणे २०१७ च्या कायद्याने मना आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. गावात त्या आधीही काही नर्सबायांनी तोंड बंद ठेवले आणि काहींनी ठेवले नाही.

जन्मानंतरच्या आजारांत सगळे काही आईकडून येत नाही. पुष्कळदा ते आमच्या हातांतून येते. पाणी फुटून अठरा तास उलटले, आईला ताप आहे, पाण्याला वास आहे, तर बाळाच्या रक्तात जंतू शिरण्याचा धोका असतो, आणि तिथे घरी वाट पाहणे हा गुन्हा आहे. पण कापलेल्या नाळेवर राख, हळद, तेल, क्वचित शेणसुद्धा लावणे हे आम्ही बायकाच करत आलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी धनुर्वाताचे एक बाळ पाहिले: सहाव्या दिवशी दूध ओढेना, मूठ उघडेना, दाराची कडी वाजली तरी अंग कमानीसारखे ताठ होई. विळ्याने नाळ कापली होती. २०१५ मध्ये भारत माता आणि नवजात धनुर्वाताच्या उच्चाटनाच्या निकषावर उतरल्याचे जाहीर झाले, तेव्हा आरोग्य केंद्रात कोणी पेढे वाटले नाहीत. मला मात्र ती मूठ आठवली.

विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दाखवलेल्या दोन गोष्टी इथे सांगितल्याच पाहिजेत. १९८९ मध्ये त्यांनी दोन गावांतील बायकांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरातील ब्याण्णव जणींना स्त्रीरोग किंवा जननमार्गाचा काही ना काही आजार होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ होत्या. 'पांढरे जाते' हे बाई अंगावर काढते, आणि तोच संसर्ग बाळाच्या वाटेवर बसलेला असतो. दुसरी गोष्ट १९९९ मधली: गावातल्याच बायकांना शिकवून, घरोघरी फिरून, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देण्यापर्यंत मजल मारली, तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी ज्या भेटी देतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, त्यांचे मूळ त्या कामात आहे. फक्त आशाताईच्या यादीत नाव असते ते सासरच्या गावचे, आणि बाळ असते माहेरी. दोन्हीकडच्या आशांना वाटते की दुसरी जात असेल.

क्षयाचे एवढेच सांगते. बाळंतिणीच्या फुप्फुसात क्षय असेल तर तो दुधातून जात नाही, श्वासातून जातो. तोंडाला फडके किंवा मास्क लावून तिने पाजावे, स्वतःचा उपचार चालू ठेवावा. बाळाला काही महिने प्रतिबंधक औषध द्यावे लागते, ते डॉक्टर ठरवतात. बाळ तोडून आजीकडे देऊ नये.

तर शेजारची ती लेक. मी तिला म्हटले, तुझ्या नवऱ्याला फोन लाव आणि कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो मागव. तो शेतात होता. संध्याकाळी त्याने फोटो पाठवले, दोन अंधारे, एकात त्याचा अंगठा. हिमोग्लोबिन ९.४. एचआयव्ही आणि सिफिलीसच्या रकान्यात निगेटिव्ह. सिकलसेल निगेटिव्ह. धनुर्वात-घटसर्पाच्या लसीच्या दोन तारखा. हिपॅटायटीस बीच्या रकान्यापुढे काही नव्हते, टिंबही नव्हते. तिची आई म्हणाली, "तिकडे केली असन ना, लिहाची राह्यली असन." असेलही. नऊ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी असते, तिची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही दोघी ऑटोने गेलो. तिथली सिस्टर माझ्या हाताखाली शिकलेली आहे. तिने पट्टीवर थेंब टाकला आणि घड्याळाकडे पाहिले. लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, एक रेघ आली त बरं की दोन?"

एक, मी म्हटले. आणि आम्ही तिघी पट्टीकडे पाहत बसलो.